मॉर्फीनच्या कपाटाची चावी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

नाशिकच्या आपत्कालीन विभागातून आम्ही तीव्र वेदनेवरचं मॉर्फीन मागतो. आमच्या मागणीपत्रावर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच शेरा आला: ‘मॉर्फीन शिल्लक नाही, पर्यायी इंजेक्शन द्यावे.’ म्हणजे ट्रॅमाडॉल, मॉर्फीनपेक्षा कमी ताकदीचं वेदनाशामक. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला!

2014 साली अमली पदार्थ कायदा सुधारला, परवान्यांचं जंजाळ सुटणार होतं. सुटलं ते कागदावर. जिथे औषध आहे तिथे कपाटाची चावी पाच वाजता साहेबांबरोबर घरी जाते. कसारा घाटातले अपघात कार्यालयीन वेळ पाळत नाहीत, साहेब.

औषध धोक्याचं आहे, हे आम्हाला सांगू नका. 10 मिलिग्रॅमची कुपी सलाइन घालून 10 मिली करायची, सिरिंजवर लेबल लावायचं, शिरेतून 2-2 मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी, दुखणं विचारत. म्हाताऱ्यांना निम्मं. मूत्रपिंड निकामी असेल तर त्याच जातीचं फेंटानिल बरं. पण 15 मिलिग्रॅमचीही कुपी येते. ती 10ची समजून भरली की डोस दीडपट. शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला कमरेत टोचलं तर ते लागतच नाही, म्हणून दुसरं टोचतात आणि रक्तदाब सावरला की दोन्ही एकदम रक्तात उतरतात. वर सवयीनं फेनर्गन, तेही गुंगी आणणारं! आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ 98 टक्केच दाखवतं. श्वास मोजायला माणूस लागतो. रात्रपाळीला परिचारिका किती, हे एकदा स्वतः येऊन मोजा.

उतारा नॅलोक्सोनचा. 400 मायक्रोग्रॅमची कुपी 10 मिलीत, एकेक मिली, श्वास सुधारेपर्यंतच. सगळी एकदम ढकलली की वेदना उसळून परत येते. त्याचा असर साधारण तासाभरात ओसरतो, मॉर्फीनचा तीन-चार तास टिकतो, म्हणजे श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून रुग्णाला लगेच वॉर्डात धाडायचं नसतं, खाट कितीही हवी असली तरी.

मागणी एवढीच: चावी पाळीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, उरलेलं औषध फेकताना दोन सह्या, कुपी एकाच ताकदीची आणि त्याच ट्रेमध्ये नॅलोक्सोन.

अफू या देशात सरकारी परवान्यानं पिकते, नीमच-गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिचं मॉर्फीन होतं. नाशिकपर्यंत मात्र फक्त शेरा पोचतो. 2027च्या सिंहस्थाच्या बैठकांत घाट आहेत, पूल आहेत, वाहनतळ आहेत. 2003ची चेंगराचेंगरी याच शहरानं पाहिली आहे. पुढच्या बैठकीत या कपाटाचा विषय घ्याल?

आपत्कालीन विभागातले डॉक्टर व परिचारिका,
नाशिक