तापाचा कितवा दिवस, हे रिपोर्टवर छापा

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीतून लिहिते ती आमच्या इंदूरच्या रामबाग-नारायणबागेतल्या घरांनीही वाचावं म्हणून. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, त्यामुळे पावसाळा सरत आला की आळीतली माणसं रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात.

तापाच्या दुसऱ्याच दिवशी डेंग्यूची आयजीएम तपासणी, म्हणजे आजाराविरुद्ध शरीर सुरुवातीला तयार करतं त्या अँटिबॉडीची तपासणी, झालेली असते. ती निगेटिव्ह येते आणि घर निर्धास्त होतं. पण आयजीएम रक्तात सापडू लागतं ते साधारण पाचव्या दिवसापासून. त्याआधी एनएस-१ अँटिजेन, म्हणजे विषाणूचंच प्रथिन, बघायचं असतं. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, आणि नेमकं तेव्हाच पोटदुखीकडे, उलट्यांकडे कुणी लक्ष देत नाही, कारण कागद 'नाही' म्हणतो. उलट, एखाद्याचं फक्त आयजीजी, म्हणजे शरीरात बराच काळ टिकणारी अँटिबॉडी, पॉझिटिव्ह येतं. ते जुन्या, होऊन गेलेल्या डेंग्यूचंही असू शकतं. माणूस मात्र घाबरून भरती होतो.

बुरशीची मला त्याहून जास्त काळजी वाटते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे ब्लॅक फंगसने, काय केलं, ते इथल्या एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डांनी पाहिलं आहे. अजूनही लोक विचारतात, ब्लॅक फंगसची रक्ततपासणी कुठे होते? त्यासाठी भरवशाची अँटिबॉडी तपासणीच नाही. ज्यांना ही बुरशी गाठते, त्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. अँटिबॉडी तयार होणार कुठून? बीटा-डी-ग्लुकॅन या बुरशीसाठीच्या रक्ततपासणीतही म्युकर सापडत नाही. नाकातला नमुना केओएच हे रसायन घालून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो, बायोप्सी करावी लागते. साखर वाढलेली, गाल बधिर, डोळा सुजलेला, अशा रुग्णाला रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबवणं म्हणजे त्याचा डोळा पणाला लावणं आहे.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये क्षयरोगाच्या अँटिबॉडी किटवर बंदी घातली, कारण त्या दिशाभूल करत होत्या. इथे मी बंदी मागत नाही. प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर तापाचा कितवा दिवस, झटपट होणारी कार्ड टेस्ट की लॅबमधल्या यंत्रावरची एलायझा, आणि निगेटिव्ह असल्यास पुन्हा कधी तपासायचं, एवढं हिंदीत ठळक छापणं सक्तीचं करा. पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) एलायझा किट ज्या सरकारी केंद्रांना मिळतात, त्यांची नावं आणि वेळा प्रत्येक वॉर्डात लावा. हा आदेश पुढच्या पावसाळ्याआधी निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर