कंसातला ‘ज’ आणि रात्री दोनचा चिखल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल पुरवणीत ‘तांत्रिक मराठी कसं लिहावं’ हा लेख वाचला. एक की अनेक अशी शंका असेल तिथे ‘व्हॉल्व्ह(ज)’, ‘फिल्टर/फिल्टर्स’ लिहावं, वाचकाची सोय होते, असा सल्ला त्यात आहे. कशी सोय होते ते लेखकमहाशयांनी आमच्या रावेर तालुक्यात येऊन बघावं. चहा मी पाजतो.

गेल्या एप्रिलमध्ये केळीला रात्रीची लाईट होती. ठिबकच्या फिल्टरजवळ सूचनांचा कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय, ‘फिल्टर धुताना व्हॉल्व्ह(ज) बंद करावा/वेत.’ खरं तर शेताकडे जाणारा एकच बंद करायचा. जादा पाणी विहिरीत परत सोडणारा बायपास उघडाच ठेवायचा. आमचा सालदार नवा, पण वाचता येणारा. त्याने कंसासकट वाचलं आणि धुण्याचा कॉक उघडायच्या आधीच हाताला लागले तेवढे सगळे फिरवले. मोटर चालू, पाण्याला वाट नाही. गेजचा काटा टोकाला गेला आणि मोटरीजवळचा जोड फटाक्यासारखा उडाला. रात्री दोन वाजता मी बॅटरीच्या उजेडात, घोटाभर चिखलात, ओला पाइप पुसून पुसून सोल्युशन लावत होतो. लाईटची पाळी गेली ती गेलीच. रागवायला गेलो तर पोरगा म्हणतो, ‘आप्पा, कागदावर तसंच लिहेल आहे.’ होतंच!

अहो, मराठीत एकही पंप आणि दहाही पंपच. व्हॉल्व्हचं तेच. एक की अनेक ते क्रियापद सांगतं. ‘बंद करावा’ म्हटलं की एक, ‘बंद करावेत’ म्हटलं की अनेक. मोघम ‘बंद करा’ लिहिलं की ते कळत नाही, हे मान्य. मग ‘शेताकडचा व्हॉल्व्ह बंद करावा’ लिहायला किती शाई जास्त लागते? किती बंद करायचे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर सालदाराने कुठून ठरवायचं?

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. तिला फोन केला तर हसायलाच लागली. मायक्रोसॉफ्टच्या इंग्रजी लेखन-मार्गदर्शिकेतही शब्दाला कंसातला ‘एस’ जोडू नका असंच सांगितलेलं आहे म्हणे. म्हणजे साहेबाने उतरवलेला कोट आपण दिवाळीला नवा म्हणून घालायचा.

त्याच लेखात ‘ताशी ४ लिटर्सचा ड्रीपर’ आहे. लेखक दूधवाल्याकडे दोन लिटर्स दूध मागतात का, एवढं कळवावं.

जाता जाता आणखी एक. बऱ्हाणपूरचे केळीचे भाव हल्ली आपल्या अंकात परवाचे येतात. व्यापारी मोबाइलवर आजचा भाव बघून बागेत येतो आणि मी आपला अंक हातात धरून त्याच्याशी हुज्जत घालतो. त्या रकान्यात ‘केळे/केळी’ छापायला लागण्याआधी तारखेचं तेवढं बघा.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव