ढकलण्याआधी उभे राहायला शिकवा

संपादक महोदय,

एप्रिल लागला की तलावांवर ‘१५ दिवसांत पोहायला शिका’ असे फलक झळकतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही मुलांचे ऐन सकाळी पोट दुखू लागते. ते नाटक नसते, भीतीने पोट खरेच दुखते. त्यावर ‘द्या ढकलून, नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय कोणी शिकत नाही’ हा जुना उपाय अजून चालू आहे. एकदा ठसका लागलेले मूल दुसऱ्या दिवशी पायऱ्यासुद्धा उतरत नाही, हा त्या उपायाचा हिशेब.

तरंगायला घाबरणाऱ्या मुलाचा खरा अडसर बहुधा एकच असतो: पालथे झाल्यावर परत उभे कसे राहायचे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. घाबरून ते आधी डोके वर काढते, कंबर खाली जाते, पाय मागे तिरके राहतात, टेकायला गेले की सटकतात आणि तोंड पुन्हा पाण्यात. म्हणून तरंगण्याआधी उभे राहणे शिकवावे. कठडा धरून पालथे व्हायचे, दोन्ही गुडघे पोटाशी ओढायचे, मग मोकळ्या हाताने पाणी खाली दाबायचे. अंग आपोआप उभे होते. पाय टेकले की सगळ्यांत शेवटी डोके वर. असे दहा वेळा झाले की कठडा सोडून प्रशिक्षकाच्या हातापर्यंत एक मीटर, मग दोन. हातपाय मारणे त्यानंतर.

त्याहीआधी श्वास. नवशिके मूल पाण्यात श्वास कोंडून धरते. वर आल्यावर छाती आधीच भरलेली, नवी हवा मावत नाही, दोन-तीन डुबक्यांत दम लागतो. तोंड मिटून ‘हूं’ म्हणत नाकातून बुडबुडे सोडायला लावा. नाकात पाणीही शिरत नाही. डुबकीआधी भराभर दीर्घ श्वास घेण्याचा खेळ मात्र मोठ्या मुलांनाही खेळू देऊ नये, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

दंडांतले फुगे आम्हाला पटत नाहीत. त्यांनी मूल पाण्यात उभे लटकते आणि आडवे व्हायचे शिकतच नाही. त्यापेक्षा पाठीला बांधायचा आपला जुना डबा बरा. अर्थात तोही हळूहळू सुटायला हवा, आणि बांधला म्हणून नजर हटवायची नाही.

थंडीचेही लक्षात घ्यावे. सकाळी सहाच्या पाण्यात बारीक अंगाचे मूल कुडकुडते, ओठ निळसर होतात, आणि ते ‘घाबरट’ ठरते. त्याला बाहेर काढून कोरडे करावे, उरलेला तास गेला तरी चालेल. काठावरून ‘बघ, तो कसा पोहतोय’ असे ओरडणाऱ्या पालकांना शक्यतो गेटाबाहेर बसवावे. एका प्रशिक्षकाकडे सहाहून जास्त नवशिकी मुले नसावीत.

आणखी एक, अगदी साधे. तलावाचा ‘उथळ’ भाग साडेतीन फुटांचा, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर असेल, तर १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाच्या हनुवटीच्याही वर, तोंडापर्यंत पाणी येते. तिथे त्याला उभे राहायला कसे शिकवणार? नाव घालण्याआधी तलावाची खोली विचारा आणि मुलाची उंची डोक्यापर्यंत नव्हे, खांद्यापर्यंत टेपने मोजून जा. पाणी छातीच्या वर येत असेल, तर पहिला आठवडा लहान मुलांच्या टाकीत घ्या, असे स्पष्ट सांगा.

— काही जलतरण प्रशिक्षक, पुणे