लुइसच्या सोंगट्या

लंडन, ३० डिसेंबर

प्रिय सुध्या,

नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन ब्रिटिश म्युझियमला गेलो. २४ ते २६ ते बंद, त्यामुळे २७ ला अख्खं लंडन तिथेच लोटलेलं. पोरं ममींकडे पळाली आणि मी चाळीस नंबरच्या दालनात जो अडकलो तो तासभर हललो नाही.

काय होतं सांगू? बुद्धिबळाच्या सोंगट्या! स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ साली सापडलेल्या. बाराव्या शतकातल्या, बहुधा नॉर्वेच्या ट्रॉनहाइममध्ये घडवलेल्या. बऱ्याचशा वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या. बरोबरच्या इतर काही वस्तू धरून एकूण ९३ नग, त्यातले ११ एडिंबरात, बाकीचे ह्यांच्याकडे.

अरे, त्या राण्या बघायला हव्या होत्यास! वीतभरही उंची नाही. सिंहासनावर बसलेल्या, उजवा हात गालावर, डोळे वटारलेले. दूध उतू गेल्यावर तुझी आजी ओट्यापाशी अशीच बसायची. आपला वजीर अरबांकडून युरोपात पोचला आणि तिथे त्याची राणी झाली, हे वाचलं होतं. पण ती एवढी वैतागलेली असेल असं वाटलं नव्हतं. उंटाच्या जागी बिशप. घोडेस्वारांची तट्टं इतकी बुटकी की पाय जमिनीला लागायच्या बेतात. आणि आपल्या हत्तीच्या जागी ढाल-तलवारवाला पहारेकरी. त्यातले काही तर चक्क ढालीची कडा दातांनी चावतायत! लढाईआधी अंगात आलेले नॉर्स, म्हणजे जुने नॉर्वेकडचे, वीर म्हणे. मला आपला सोसायटीचा गुरखा आठवला, पण ते जाऊ दे.

ह्या ९३ मध्ये नसलेला, त्याच संचातला हरवलेला एक पहारेकरी १९६४ मध्ये एडिंबरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पाच पौंडांना घेतला होता. घरात तसाच पडून होता. २०१९ मध्ये लिलावात गेला तो ७ लाख ३५ हजारांना. पौंड हं, रुपये नव्हे!

प्याद्यांना मात्र चेहरेच नाहीत. कोरे, गावाबाहेरच्या मैलाच्या दगडांसारखे. राजे आठ म्हणजे डाव चार, प्यादी हवीत चौसष्ट. सापडली फक्त १९. आपल्याही डब्यातली आधी प्यादीच हरवायची ना? चिंचोके मांडायचो आपण, आणि तू माझा एक खाल्लाही होतास, खराखुरा.

दुकानातून राणीची छोटी नक्कल घेतलीय. मे महिन्यात आणतो. पट तुझ्याकडेच आहे ना अजून? चिंचोके भाजू नकोस एवढंच.

तुझा,
बंड्या