टाकी रविवारी आण, मासे महिन्याने

रत्नागिरी,
१२ मे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी कुर्ल्याच्या बाजारात जाऊन टाकी, खडी, पंप आणि मासे असं सगळं एकाच फेरीत आणायचा तुझा बेत आहे. त्यातला अर्धा मला मान्य आहे. टाकी आण, मासे महिन्याभराने आण. दुकानात कोणी तुला हे सांगणार नाही. फार तर "पाणी एक दिवस ठेवा, मग सोडा" म्हणतील. एका दिवसात पाण्यातला क्लोरीन जातो हे खरं, पण नव्या टाकीतले मासे बहुतेक वेळा क्लोरीनने मरत नाहीत, स्वतःच्याच घाणीने मरतात.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. चालत्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर असतो. त्यातले एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं आहेत. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. नव्या टाकीत हा थर नसतो आणि तो तयार व्हायला मुंबईच्या उकाड्यातसुद्धा तीन ते पाच आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात, आणि आपण "मासे नाजूक होते" म्हणून मोकळे होतो.

आधी टाकी. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, काच ५ किंवा ६ मिलिमीटर. याहून लहान घेऊ नकोस. लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी कमी, म्हणजे चूक पचवायची ताकद कमी. या मापात खडी आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ४५ लिटर पाणी राहतं. काच, खडी, पाणी मिळून ६० किलोच्या आसपास वजन, म्हणजे एक माणूस कायमचा एका जागी उभा. जमिनीला त्याचं काही नाही, पण तुझं ते पार्टिकल बोर्डचं चपलांचं कपाट विसर. त्याच्या कडेला पाणी लागलं की ते फुगतं आणि एका बाजूने खचतं. लोखंडी स्टँडही नको. माहीमच्या खाऱ्या हवेत रंगाचा पोपडा उडाला की आतून गंज धरतो, आणि तोही पायाच्या तळाशी, जिथे रोज लादी पुसताना ओलं होतं आणि कोणी वाकून बघत नाही. दोन बाजूंना सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सिमेंटचे, ब्लॉक आणि वर कडप्प्याची फळी, एवढं पुरे. गंजत नाही, फुगत नाही, घर बदलताना सुटं होतं.

खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवायचं म्हणतेस, तो कट्टा उत्तम आहे आणि जागा वाईट. खिडकी पश्चिमेची. दुपारभर ऊन आलं की काचेवर हिरवं शेवाळ चढतं आणि मे महिन्यात पाणी ३३ अंशांवर जातं. शिवाय जूनमध्ये त्याच खिडकीतून पाऊस आडवा येईल. आतल्या भिंतीला ठेव. खाली एक सेंटिमीटरचा थर्माकोल घाल, म्हणजे कडप्प्यावरचा बारीक खडा काचेला टोचणार नाही. पाणसळ नसेल तर फळीवर ताटात पाणी घालून बघ, कुठल्या बाजूला जातं ते. काठोकाठ भरून एक रात्र आणि एक दिवस तशीच ठेव. गळायची असेल तर खालच्या कोपऱ्यातून गळते. कोपऱ्यांशी वर्तमानपत्राचा कागद ठेवलास तर एक थेंबही कळेल. नव्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो जाईपर्यंत थांब.

खडी पाच-सहा किलो, बारीक, नदीची, बिनरंगाची. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धू, साबण अजिबात नको. चौपाटीवरची वाळू आणायचा मोह होईल. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो, आणि माहीमच्या किनाऱ्यावर आणखी काय काय असतं ते तुला वासावरून माहीत आहे. तेच समुद्राच्या पाण्याचं. समुद्र दारात आहे म्हणून खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे, हे ऐकायला छान वाटतं. पण मिठी नदी तिथेच येऊन मिळते, आणि पावसाळ्यात तिच्या लोंढ्याने किनाऱ्याच्या पाण्याचा खारेपणा खाली-वर होत राहतो. प्रवाळाचा तुकडा तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात आहेत.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपावर चालणारा. महागडे मोटरवाले फिल्टर दुकानात चमकतात, पण ४५ लिटरला त्यांची धार जास्त होते आणि गप्पीची शेपटी त्यात फरफटते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीला टांग. खालीच ठेवायचा असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. वायर बटणाकडे थेट जाऊ देऊ नकोस, मध्ये खाली झोळ दे, म्हणजे ओघळलेला थेंब झोळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात. दोन महिन्यांतून एकदा काढून कोरड्या फडक्याने घास. पंप मधूनच बंद पडतो तेव्हा निम्म्या वेळा दोष पंपाचा नसतो, पिनांचा असतो.

आता पाणी. आपल्या इमारतीत महापालिकेचं पाणी येतं का टँकरचं, ते वॉचमनला विचार. पालिकेचं असेल तर ते तलावांचं, म्हणजे मऊ पाणी, क्षार कमी. टँकरचं बोअरिंगचं असेल तर किनाऱ्यालगत ते खारट असू शकतं. जिभेला लावून बघ, मचूळ लागलं तर टाकीत नको. आरओचंही नको, त्यात काही उरलेलंच नसतं. पालिकेचं पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेव, किंवा क्लोरीन मारायचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाल. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर दोन्ही कर.

मऊ पाण्याची एक खोड आहे. त्यात आम्ल सोसायची ताकद नसते. टाकी जुनी होत जाते तशी आम्लता वाढते आणि एके दिवशी पीएच एकदम घसरतो. जिवाणू थंडावतात, पुन्हा अमोनिया. यावर उपाय तुझ्या स्वयंपाकघरात आहे. बाजारातून तिसऱ्या (खायचे शिंपले) आणशील तेव्हा दहा-बारा नुसत्या पाण्यात उकळ, मसाला-मीठ काही नको, शिंपल्या घासून पुन्हा उकळ, उन्हात कडक वाळव. जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या बाजूला, बुडबुड्यांशी ठेव. त्या सावकाश विरघळतात, पाण्याला चुना मिळतो. गप्पींना असंच जरा जड पाणी मानवतं.

टाकी भरली, पंप सुरू झाला, आता बिनमाशांची पाळी. मध्यम आकाराची एक सोललेली ओली कोळंबी पातळ फडक्यात बांधून पाण्यात सोड. मीठ-हळद न लावलेली घे. सवयीने सगळ्या वाटीला लावशील, म्हणून मुद्दाम लिहिते. तीन-चार दिवसांत ती कुजते, पाणी दुधट होतं, वास येतो. घाबरून पाणी बदलू नकोस, जिवाणूंचीच वाढ चालली आहे. ठमी मांजरीला वास लागेल, झाकण ठेव. अमोनिया दोन-तीन पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन-तीन भाग) आला की कोळंबी काढून टाक आणि मग एक दिवसाआड चिमूटभर माशांचं खाणं टाकत जा.

अमोनिया मोजायला थेंबांचं टेस्ट किट घे. पट्ट्या मुंबईच्या दमट हवेत डबी उघडल्या उघडल्या खराब व्हायला लागतात. बहुतेक किटांत अमोनियाची नळी शून्याला पिवळी राहते आणि वाढत्या प्रमाणाला हिरवी होते. नायट्राइट शून्याला निळं आणि मग जांभळं. नळी खिडकीतल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून बघ. ट्यूबलाइटखाली पिवळं आणि फिकट हिरवं सारखंच दिसतं, आणि नेमका तोच फरक आपल्याला हवा असतो. पहिल्या आठवड्यात नळी हिरवी, दुसऱ्या-तिसऱ्यात जांभळी, आणि एके दिवशी दोन्ही शून्य. खाणं टाकल्यावर दुसऱ्या दिवशीही दोन्ही शून्य आलं, तर थर जमला. निम्मं पाणी बदल आणि मग मासे आणायला जा. कोणा मैत्रिणीची निरोगी जुनी टाकी असेल तर तिचा स्पंज तुझ्या टाकीत पिळून घे. चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी निघेल, ते बघवत नाही, पण त्याने दोन आठवडे वाचतात.

मासे कोणते, यावर वाद घालू नकोस. सहा गप्पी, सगळे नर. रंगही नरांतच जास्त असतो. एक मादी आली की महिन्याभरात पिल्लं, आणि नर काढून टाकलेस तरी तिच्या पोटात बीज महिनोन्महिने टिकतं. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं हौदांत सोडतात ते हेच गप्पी, चिवट म्हणून प्रसिद्ध. आधी तीन आण, दहा-बारा दिवसांनी उरलेले तीन, म्हणजे जिवाणूंना जोर धरायला वेळ मिळतो. गोल्डफिश नको, तो वीतभर वाढतो आणि घाण फार करतो. "टाकी साफ ठेवतो" म्हणून सकर मासा गळ्यात मारतील. तो फुटाच्या वर जातो, आणि मग लोक रात्री तळ्यात सोडून येतात. तिथे तो देशी माशांची जागा बळकावतो. तुझे गप्पीही नको झाले तर दुकानात परत दे, नाल्यात नको.

पिशवी आणलीस की वीस मिनिटं बंदच तरंगत ठेव, तापमान जुळू दे. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी आत घाल, पाच-सहा वेळा. शेवटी मासे जाळीने उचल. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही, रोग त्यातूनच येतात. त्या दिवशी दिवा बंद, खाणं नाही.

पुढे खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धर. आठवड्यातून एक उपास. कुठला वार ते तुझं तू ठरव. डबा लहान घे, घट्ट झाकणाचा, फ्रिजच्या दारात ठेव, आणि ओल्या बोटांनी चिमूट काढू नकोस. पावसाळ्यात त्याला आठवड्यात बुरशी धरते आणि बाहेरून काही दिसत नाही, नुसता कुबट वास येतो.

दर रविवारी अर्धी बादली, म्हणजे दहा-अकरा लिटर पाणी नळीने काढ, खडीतली घाण ओढून घेत. तेवढंच मुरवलेलं पाणी भर. काढलेलं पाणी तुळशीला, मनीप्लँटला. खत म्हणून चांगलं. बादली टाकीचीच वेगळी ठेव, कपडे धुवायची नको. स्पंज महिन्यातून एकदा त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळ. नळाखाली धुतलास तर महिन्याभराची मेहनत क्लोरीनने गटारात. घरात सगळं लख्ख धुवायची आपली सवय इथे नडते.

तुझे मासे जूनच्या मध्याला येतील, नेमके पहिल्या पावसात. हवा एकदम गार होते, पाणी दोन-तीन अंश उतरतं, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तेव्हाच डोकं काढतो. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके, मासा खडीला अंग घासतो. दहा लिटरला दोन चहाचे चमचे साधं मीठ, वाटीत विरघळवून, दोन दिवसांत विभागून घाल. हीटर असेल तर पाणी हळूहळू ३० अंशांवर ने. ठिपके चार दिवसांत गेले तरी उपचार दोन आठवडे चालूच ठेव. अंगावरचा किडा झाकलेला असतो, औषध लागतं ते तो गळून पाण्यात पोहायला लागल्यावर. पुढच्या मे महिन्यात उलटा प्रश्न येईल: गरम पाण्यात प्राणवायू कमी. अर्ध्या लिटरची बर्फाची बंद बाटली तरंगव, पंप जोरात ठेव. पाण्यावर पंखा लावायचा सल्ला देतात, तो पुण्या-नाशिकला चालतो. आपल्या दमट हवेत पाणी कमीच उडतं, तर फारसं गार कसं होणार?

झाकण काचेचं, नळीपुरती फट सोडून. गप्पी उडी मारतात, आणि दिव्याच्या उबेला ठमी झाकणावर जाऊन बसणार हे धरूनच चाल. म्हणून पातळ काच नको, तीही ५ मिलिमीटरचीच घे. टाकीचं पाणी तिने चाटलं तर काही होत नाही, औषध घातलेलं असताना मात्र नको.

आतल्या भिंतीशी किती जागा आहे ते टेपने मोजून कळव, आणि बटण कुठल्या बाजूला आहे तेही. फळी कापून घ्यायला माप लागेल.

तुझी,
आई