संत्र्याच्या दोन ओळी लोकांसाठी ठेवून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कृषी पर्यटनावर पानभर आलं होतं ते वाचलं. स्विमिंग टँक, रेन डान्स, बैलगाडीची फेरी, चुलीवरची भाकरी, सगळं होतं, फक्त त्या शेतात पिकतं काय आणि आलेला माणूस त्यातलं काही घरी नेतो का, एवढंच कुठं सापडलं नाही. म्हणून लिहितोय. लांबलं तर कापा.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलाकडं न्यू जर्सीला होतो. (आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीला संत्र्यामुळं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, पण खरा कॅलिफोर्निया पाहायचा राहिलाच, तो दुसऱ्या टोकाला आहे म्हणे.) तिकडं या दिवसांत झाडांची पानं लाल-पिवळी होतात आणि शनिवार-रविवार लोक पोराबाळांना घेऊन सफरचंद तोडायला जातात. मी मुलाला म्हटलं, अरे तुझ्या आजोबाच्या बगीच्यात संत्रा तोडायचा कंटाळा म्हणून तू नागपूरला शिकायला पळाला, आणि इथं पैसे देऊन तोडायला चालला का? हसला नुसता.

तिकीट आदल्या रात्रीच मोबाईलवर काढलं होतं, वेळ ठरवून. पार्किंगमध्ये निम्मे आपलेच लोक, गुजराती, तेलुगू, मागच्या रांगेत कोणीतरी शुद्ध पुणेरी मराठीत नवऱ्याला झापत होतं. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही हा नियम, मग काय, सगळ्या गाड्यांच्या डिक्क्या उघड्या आणि थेपले, पुलाव, आमची पोळी-भाजी तिथंच उभ्या उभ्या. गेटवर रिकामी पिशवी विकत घ्यायची. तिकडं अजून पेक, बुशेल असली जुनी मापं चालतात, एक पेकची पिशवी म्हणजे दहा पौंड, आपले साडेचार किलो. तीसेक डॉलर. मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसलो. सून म्हणाली, बाबा, दुकानात याच्यापेक्षा स्वस्त मिळतात. मग आलो कशाला, असं मी काही विचारलं नाही.

कशाला ते आत गेल्यावर कळलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसवून नेतात (आम्ही जन्मभर ट्रॉलीत बसलो, कोणी तिकीट मागितलं नाही). झाडं पाहिली तर तुरीपेक्षा थोडी उंच, ठेंगण्या खुंटावर कलम केलेली, तारांना बांधलेली, पाच वर्षांच्या पोराचाही हात पोचेल अशी. प्रत्येक ओळीला जातीच्या नावाची पाटी, मॅकिंटॉश, फुजी, हनीक्रिस्प. हे हनीक्रिस्प मिनेसोटा विद्यापीठानं काढलं, १९९१ ला बाजारात दिलं, आणि आता पोरं नाव घेऊन तेच मागतात. आपल्याकडं संत्रा म्हणजे संत्रा.

मी पहिलंच फळ धरून ओढलं तर नात ओरडली, आबा, ओढायचं नाही! तळहातात धरायचं, वर उचलायचं आणि हळूच पिरगळायचं. शाळेची सहल येऊन गेली होती तिची. तिनं एक करून दाखवलं, देठासकट अलगद हातात, फांदी हललीसुद्धा नाही. ओढलं की शेजारची पुढच्या वर्षीची कळी मोडते म्हणे. चाळीस वर्षं संत्र्याच्या घरातला माणूस मी, सहा वर्षांच्या पोरीकडून शिकलो. बायको साडीवर स्पोर्ट्स शूज घालून तीन ओळी पुढं निघून गेली होती, हाक मारली तर ओ नाही.

सगळं छानच होतं असं नाही हां. खाली पडलेल्या फळांचा आंबूस वास, त्यावर गांधीलमाश्या घोंगावत, आणि एक घास घेऊन फेकलेली सफरचंदं ओळीच्या ओळी. त्यात आपले लोकही होते, डोळ्यांनी पाहिलं. आणि मुलगा म्हणाला तेही खरंच असणार, की शेतकऱ्याला खरा पैसा तोडणीत नाही, तो निघताना घेतलेल्या गरम डोनट आणि भोपळ्यांत.

पण मला सारखा आमचा बगीचा आठवत होता. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराचं फळ आपल्याकडंही ऑक्टोबर ते डिसेंबरच तुटतं, तेच दिवस. आपण काय करतो, तर व्यापारी येतो, झाडाकडं बघून अंदाज घेतो, इसार देतो आणि अख्खा बगीचा त्याचा होतो. भाव पडला की तो तोडणी लांबवतो, फळ गळतं, मोठा माल उचलतो आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, आपल्या गळ्यात मारतो. त्यात आपला संत्रा जिथं जायचा त्या बांगलादेशानं त्यावरचं आयात शुल्क किलोमागं २० टका होतं ते २०२३ पर्यंत ८८ वर नेलं, तेव्हापासून तर विचारूच नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं, चांगलं आहे, पण गावात कोणाला विचारा, पर्यटन म्हणजे रिसॉर्ट असंच वाटतं त्याला, आणि रिसॉर्टला पैसा कुठून आणायचा. माझं म्हणणं इतकंच की शंभर झाडांतल्या दोन ओळी सौद्यातून बाहेर ठेवा, रविवारी नागपूर-अमरावतीच्या लोकांना पिशवी विका आणि तोडू द्या. संत्र्याचंच गाव असलेलं काटोल नागपूरहून साठेक किलोमीटर, लोक तर नुसत्या सावजी जेवणासाठी तेवढं जातात.

धाकट्या भावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दादा, तुम्ही अमेरिकेत बसून बोलता, इथं लोक फांद्या मोडतील. आणि संत्रा काही सफरचंद नाही, साल सैल असते, ओढला की देठापाशी टवका निघतो आणि दोन दिवसांत सडतो, मग लोक म्हणतील यानं सडका माल दिला. बरोबर आहे त्याचं. म्हणजे हातानं तोडूच द्यायचं नाही, प्रत्येकाला कात्री द्यायची, देठाला थोडं टोक ठेवून कापायला शिकवायचं. पोरांना तर कात्रीच जास्त आवडेल.

तर साहेब, या आंबियाला घराजवळच्या दोन ओळी त्यानं व्यापाऱ्याला दिलेल्या नाहीत. खूप कुरकुर करून, पण दिल्या नाहीत. मी अमरावतीहून डझनभर कात्र्या घेऊन गेलो, नातीनं व्हिडिओ कॉलवर पाटी लिहून दाखवली, ‘ओढू नका’, ओ ला वेलांटी काढली होती ती तशीच ठेवायचं ठरलंय. बायामाणसांसाठी संडास कुठं करायचा यावर मात्र दोघा भावांचं अजून भांडण चालू आहे.

– आपला एक वाचक, अमरावती