‘होडाउन’ची मूळ धून फिडलवादक स्टेप यांच्याकडून आली

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी संगीतावरच्या लेखात ‘रोडिओ’ या बॅलेतील ‘होडाउन’ या भागाची सुरावट अमेरिकी संगीतकार ॲरन कोपलँड यांची असल्याचे म्हटले आहे. वाद्यवृंदासाठीची बांधणी त्यांचीच, यात शंका नाही. परंतु तिच्यातील मुख्य धून अमेरिकेच्या डोंगराळ भागातले फिडलवादक कितीतरी आधीपासून ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, म्हणजे ‘बोनापार्टची माघार’, या नावाने वाजवत आले होते.

फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. या धुनेसाठी मात्र सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही तारा उतरवून चारही तारा सा-सा-प-सा अशा लावण्याची पद्धत आहे. मी इथे पंचवटीत व्हायोलिन शिकवतो. लेख वाचल्यावर त्याप्रमाणे वाद्य जुळवून पाहिले, तर जाड तार इतकी सैल झाली की गज जरा दाबला तरी ती फरफरू लागे. पण हलक्या हाताने दोन तारांवर एकदम गज फिरवताच, सनईच्या साथीदाराने सूर धरून ठेवावा तसा षड्ज अखंड घुमू लागला. या घुमाऱ्यातूनच बॅगपाइपचा, पर्यायाने कूच करणाऱ्या सैन्याचा, आभास होतो.

नाव अर्थातच नेपोलियन बोनापार्टचे. १८१२ मध्ये मॉस्कोहून परतताना त्याच्या सैन्याची थंडीने आणि उपासमारीने वाताहत झाली, १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याचा अखेरचा पराभव झाला आणि १८२१ मध्ये तो सेंट हेलेना बेटावर मरण पावला; त्याची माघार मात्र अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या घराघरांत वाजत राहिली. अनेक वादक ती संथ, जड पावलांच्या लयीत वाजवतात आणि नावाला तेच साजेसे आहे.

या लयीला वळण दिले ते तिथलेच फिडलवादक विल्यम हॅमिल्टन स्टेप यांनी. १९३७ मध्ये केंटकीतील सॅलियर्सव्हिल येथे लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी स्टेप यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. स्टेप यांनी ही धून द्रुत, उसळत्या लयीत वाजवली. संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी त्या वादनाचे अत्यंत बारकाईने केलेले स्वरलेखन १९४१ मध्ये छापले गेले आणि पुढच्याच वर्षी कोपलँड यांनी ते ‘रोडिओ’ या बॅलेसाठी जवळजवळ जसेच्या तसे घेतले. म्हणजे ‘होडाउन’मध्ये आपण ज्या उसळीला दाद देतो, ती स्टेप यांच्या गजाची आहे.

आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत सनईवाल्याचे नाव नसते, हे पाहत मी वाढलो. म्हणूनच ही उणीव मला अधिक टोचली. पुढील पुरवणीत खुलासा करताना कोपलँड यांच्याबरोबर स्टेप आणि सीगर यांचीही नावे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक व्हायोलिन शिक्षक, पंचवटी, नाशिक